रीजन्सी बॉल आणि व्हिक्टोरियन बॉल: घोळ कुठे होतो?

झुंबरं, घेरदार झगे, पंख्याआडची नजरानजर आणि वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने गिरक्या घेत करायचा नाच. ओटीटीवरच्या मालिका पाहून ‘जुन्या काळचा इंग्रजी बॉल’, म्हणजे नाचाचा समारंभ, म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं. या एका चित्रात दोन वेगळे काळ कोंबलेले असतात. रीजन्सी म्हणजे काटेकोरपणे १८११ ते १८२०. आजारी तिसऱ्या जॉर्जच्या वतीने युवराज कारभार पाहत होता ती वर्षं. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७ साली. मधल्या काळात नाच बदलला, आणि माझ्या मते कपडे नि शिष्टाचार त्याच्यामागून फरफटत गेले. म्हणून मी आधी झगा बघत नाही, लोक उभे कसे आहेत ते बघते.

रांगेत उभे असतील तर बहुतेक रीजन्सी. तिथला हुकमी नाच म्हणजे कंट्री डान्स. पुरुषांची एक रांग, समोर बायकांची. वरच्या टोकाची जोडी सुरुवात करते: शेजारच्या जोडीबरोबर हातात हात घालून फेर, जागांची अदलाबदल, दोन रांगांच्या मधून खाली जाऊन परत, आणि मग एक जागा खाली. तिथे पुढची जोडी, पुन्हा तेच. दांडियात आपण सरकत जातो तसंच, फक्त इथे आपला जोडीदार कायम राहतो आणि शेजारची जोडी बदलते. पाळी येईपर्यंत खालच्यांनी नुसतं उभं राहायचं. लांबलचक रांगेत हे उभं राहणं भरपूर व्हायचं, आणि ओळखीपाळखी, टोमणे, लग्नाच्या गोष्टी सगळं तिथेच उरकायचं. एका जोडीदाराबरोबर लागोपाठ दोन नाच करायची रीत होती. पुन्हा पुन्हा त्याच्याचबरोबर दिसलात की कुजबुज सुरू. बाईने एकाला नकार दिला तर तिने दुसऱ्याबरोबरही नाचायचं नाही, असाही संकेत होता. म्हणजे नावडता माणूस टाळायचा तर खुर्ची धरून बसा. सरळसरळ अन्यायच!

ऑलमॅक्स या लंडनमधल्या उच्चभ्रूंच्या नाचघरात तर दारातच चाळणी. थोरामोठ्या घरच्या बायकांची समिती ठरवेल त्यालाच व्हाउचर, म्हणजे प्रवेशाचा परवाना, बुधवारी बॉल, रात्री अकरानंतर प्रवेश बंद. इतकं करून आत खायला काय, तर पाव-लोणी, चहा आणि लेमोनेड.

वॉल्ट्झ रीजन्सीत नव्हताच असं नाही. पण १८१६ साली युवराजाच्या बॉलमध्ये तो नाचला गेला तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ या वृत्तपत्राने या परदेशी, असभ्य नाचावर आगपाखड केली होती. त्याच वर्षी थॉमस विल्सन या नृत्यशिक्षकाने वॉल्ट्झवर पुस्तक काढलं. त्यातल्या चित्रात जोड्यांनी हात डोक्यावर कमानीसारखे धरलेले दिसतात. आपल्या डोक्यातला वॉल्ट्झ हा नव्हे. तो ज्या ‘ब्लू डॅन्यूब’च्या सुरावटीवर नाचतात, ती रचनाच १८६७ची.

१८४४ साली पोल्का या जोडीच्या नाचाने लंडनला वेड लावलं आणि बॉलरूम जोडप्यांच्या ताब्यात गेली. पुरुषाचा हात बाईच्या कमरेशी, दोघं स्वतःभोवती गिरक्या घेत हॉलभर फिरतात. चार जोड्यांनी करायचे क्वाड्रिल आणि लान्सर्स हे नाच सोबतीला होतेच. पण गिरकीत गप्पा कसल्या मारणार? आधीच ठरवाठरवी हवी. डान्स कार्डाचा इंग्लंडमध्ये सुळसुळाट झाला तो याच काळात: घडीचं चिमुकलं कार्ड, दोऱ्याला बारीक पेन्सिल, एकेका नाचापुढे एकेकाचं नाव. बॉलमध्ये झालेली ओळख नाचापुरतीच. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटल्यावर ओळख दाखवायची की नाही, हे बाईने ठरवायचं.

कपड्यांचं आता सोपं आहे. रीजन्सी झग्याची कंबर छातीच्या लगेच खाली, कापड बहुधा पांढरी मलमल. ही फॅशन फोफावली तीच मुळी आपल्याकडच्या, विशेषतः बंगालच्या मलमलीवर. पुढे इंग्लंडच्या गिरण्यांनी तिची नक्कल केली. पायात सपाट, मऊ सपाता. पुरुष गुडघ्यापर्यंतच्या ब्रीचेस आणि रेशमी मोज्यांत. व्हिक्टोरियन झग्याची कंबर जागेवर येते आणि खाली घेर फुगतो. पोलादी कड्यांच्या क्रिनोलिन पिंजऱ्याचं पेटंट १८५६ सालचं. आपल्याला तो छळ वाटतो, पण त्याआधी एकावर एक चढवलेल्या जड परकरांपुढे तो हलका होता आणि पाय मोकळे सुटायचे. आगीचा धोका मात्र खराच. पुरुष एव्हाना काळ्या टेलकोटात आणि पांढऱ्या टायमध्ये जवळजवळ एकसारखे दिसू लागले होते.

दोन रांगांचा तो जुना थाट बघायला लंडनलाच जायला हवं असंही नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत एकोणिसाव्या शतकात रुळलेल्या मांडोतही स्त्री-पुरुष समोरासमोर रांगा करून नाचतात. युरोपातल्या कंट्री डान्सच्या फ्रेंच-पोर्तुगीज अवताराची सावली त्यावर आहे.

इंग्लंडमधल्या बाथ शहरात दर सप्टेंबरात रीजन्सी काळातल्या कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या नावाने महोत्सव भरतो. तिथल्या बॉलला जाणार असाल तर भाड्याच्या दुकानातून क्रिनोलिन उचलू नका, उंच कमरेचा झगा मागा. पांढरे हातमोजे दोन्ही काळांत चालतात. जेवायला बसल्यावर तेवढे काढायचे.