दुष्काळातलं धान्य आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न : पार्श्वभूमी

संकटात सापडलेल्यांना ख्रिस्ती मंडळीने मदतीचा हात दिला, की एक प्रश्न हमखास येतो : यामागे हेतू काय? प्रश्न विचारणाऱ्यांना तो नवा वाटतो. ज्यांना विचारला जातो, त्यांच्या घरात तो चार-पाच पिढ्या मुक्कामाला आहे. तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात मोठी साथ आली, तेव्हा कार्थेजच्या बिशपांनी आपल्या लोकांना छळ करणाऱ्यांचीही सेवा करायला सांगितलं. या परंपरेची सुरुवात बहुधा तिथून सांगतात. पण आपल्याकडच्या वादाचं मूळ खूप अलीकडचं आहे. ते 1876 ते 1900 या पाव शतकातल्या दुष्काळांत आहे.

1876चा पाऊस गेला आणि नगर, सोलापूर, पुणे, सातारा या पट्ट्यात ज्वारी हाती लागली नाही. सरकारने खडी फोडण्याची, तलाव खोदण्याची दुष्काळी कामं काढली. 1877च्या सुरुवातीला खर्च आवरायचा म्हणून मजुरी खाली आणली गेली. दिवसभर राबलेल्या पुरुषाच्या वाट्याला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोहूनही कमी धान्य आणि वर किरकोळ पैसे. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारली आणि कामं सोडली. महार-मांगांचे हाल यात दुहेरी होते. बलुतं देणाराच उपाशी, मग बलुतेदाराला कोण विचारणार? सार्वजनिक विहिरीवर तर त्यांना एरवीही जागा नव्हती.

नगरला अमेरिकन मिशन 1831पासून होतं. शाळा होत्या, मंडळ्या (ख्रिस्ती उपासकांचे समूह) होत्या, पण माणसं मोजकीच. दुष्काळात त्याच मिशनरींच्या हातून लंडनच्या मदतनिधीचा पैसा वाटला जाऊ लागला, पोरकी मुलं त्यांच्याच आवारात येऊ लागली, आणि बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, मागणारे लोक गावागावांतून यायला लागले. इथेच पेच पडला. एका हाताने धान्य देणाऱ्याने दुसऱ्या हाताने बाप्तिस्मा द्यावा का?

या पेचावरचा सर्वात स्पष्ट निर्णय महाराष्ट्रात नव्हे, तेलुगू मुलखात झाला. इथल्या वादात तो फारसा कुणी आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं. आंध्रातल्या ओंगोलला बाप्टिस्ट मिशन होतं. तिथले प्रमुख मिशनरी तरुणपणी अमेरिकेत जमीनमोजणीचं काम केलेले. फुकट धान्य वाटण्याऐवजी त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचा ठेका घेतला. मजूर बहुतेक मादिगा, म्हणजे चामड्याचं काम करणारे अस्पृश्य. दुसऱ्या ठेकेदारांकडे त्यांना शिव्या मिळत आणि मजुरी कापली जाई. इथे मुकादम म्हणून मिशनचेच तेलुगू उपदेशक नेमलेले होते. मजूर टेकायला बसले, की हे मुकादम त्यांच्या शेजारी बसून बोलत. त्या बोलण्यात शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, असेच, ते कुणी लपवलं नाही.

पण मदत चालू होती त्या सुमारे सव्वा वर्षात एकाचाही बाप्तिस्मा केला नाही. लोक मागत होते, उपदेशक गळ घालत होते, तरी नाही. 1878च्या मध्याला मदतीचा पैसा संपला, आता काही मिळणार नाही असं सगळीकडे कळवलं गेलं, आणि त्यानंतर दार उघडलं. तरीही माणसं आली. मदत मिळणार नाही हे त्यांना पुन्हा बजावलं, तेव्हा त्यांनी हातावरचे फोड दाखवले. आम्ही राबून खाल्लंय, पुढेही राबू, पीक गेलं तर मरू, पण ख्रिस्ती म्हणून मरू, अशा आशयाचं त्यांचं उत्तर मिशनच्या आठवणींत नोंदलेलं आहे. 3 जुलै 1878 या एका दिवशी गुंडलकम्मा नदीत 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा उपदेशक, एका वेळी दोघे पाण्यात उभे. वर्षअखेर आकडा नऊ हजारांच्या पुढे गेला.

या निर्णयावर तेव्हाही टीका झाली. काहींच्या मते इतकी माणसं पारखून घेणं शक्यच नव्हतं. मदत थांबली तरी तिची आशा थांबत नाही, हाही आक्षेप होता आणि तो खोटा म्हणता येणार नाही. तरीपण मला हा निर्णय त्या काळातला सर्वात प्रामाणिक वाटतो. बायबलमध्ये योहानाच्या सहाव्या अध्यायात, तुम्ही भाकरीसाठी माझ्यामागे आलात, असं प्रभू लोकांना तोंडावर सांगतो. पण ते सांगण्याआधी त्याने पाच हजारांना जेवू घातलेलं असतं, आणि त्या वेळी कुणाला काही विचारलेलं नसतं. ओंगोलला हाच क्रम पाळला गेला. भुकेल्याला भूक आहे एवढ्याच कारणाने खायला देणं ही प्रीती. विश्वासाचं बोलणं त्यानंतर, आणि नकाराची मोकळीक ठेवून.

नगरकडे हा क्रम इतका काटेकोर राहिला नाही. 1870च्या दशकात अँग्लिकन मिशन नगर भागात आलं, दुष्काळानंतर जेझुइट (कॅथलिक धर्मगुरू) आले, आणि तिघांची गावं एकमेकांत मिसळली. बाप्तिस्म्याला थांबू म्हटलं तर शेजारचं मिशन थांबेल याची खात्री नाही, अशी ती स्थिती होती. राहुरी, नेवासे, संगमनेरकडच्या गावांत वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या शेजारी शेजारी दिसतात, त्यामागे ही ओढाताणही आहे. मात्र ही सगळी माणसं केवळ पोटासाठी आली, हे म्हणणं मला मान्य नाही. धान्य काही महिने मिळालं. शाळा, पाटी, आणि आपल्यापैकीच एखाद्याला पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, झालेलं पाहणं हे त्यानंतर कितीतरी वर्षं मिळत राहिलं. दुष्काळ सरल्यावरही ज्यांनी हा रस्ता सोडला नाही, त्यांच्या निष्ठेवर शंका घेण्याचा अधिकार कुणाला?

पुण्याजवळच्या केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट वेगळी. तिथल्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांनी आपले आईवडील उपासमारीच्या भटकंतीतच गमावले होते. पुण्यातल्या त्यांच्या विधवागृहात मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून 1893मध्ये वादळ उठलं आणि शहरातल्या नामवंत सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडलं. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून मुक्काम केडगावच्या शेतावर. 1900च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, छापखाना, सगळं त्या मुलीच चालवत. पुण्यातल्यासारखी तटस्थता इथे नव्हती. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. ओंगोलच्या मापाने मोजलं तर इथे अडचण आहे, कारण अल्पवयीन अनाथ मुलगी नकार तरी कसा देणार? पण अशाच मुलींना गोळा करत वाटेवर दलालही फिरत होते, हेही त्याच मोजमापात धरायला हवं. पुढे पोरक्या मुलांसाठी आधी त्यांच्याच धर्माच्या लोकांना विचारावं, असं सरकारी धोरण ठरलं. ते योग्यच होतं.

स्वातंत्र्यानंतर हा वाद कायद्यात शिरला. ओडिशाने 1967मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968मध्ये धर्मांतरावर कायदे केले, त्यात आमिष हा शब्द आला, आणि 1977मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. याच्या उलट बाजूकडे मात्र फार कमी लक्ष जातं. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. म्हणजे गेली 75 वर्षं धर्मांतराला आमिष नाही, किंमत आहे.

1972च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी या मदतीच्या खाद्यासाठी रांगा लागल्या, तेव्हा ख्रिस्ती संस्थांचा भर कामाच्या बदल्यात धान्य देण्यावर होता. विहिरी खोदल्या गेल्या, बांध घातले गेले. पुढे त्यातूनच नगर जिल्ह्यात पाणलोटाची मोठी कामं उभी राहिली. जामखेडला 1970मध्ये एका ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने काम सुरू केलं, आणि त्यात गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. टंचाईत हातपंप बसवायची वेळ आली, तेव्हा ते दलित वस्तीत बसवले गेले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथेच यावं लागे. धर्म कुणाला विचारला गेला नाही.

दरम्यान, धर्म बदललेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा का, हे तपासायला केंद्राने 2022मध्ये आयोग नेमला. 1878नंतर मंडळीत आलेल्यांची पणतवंडं त्या उत्तराची वाट पाहणाऱ्यांत आहेत.