मेट्रोचा पैसा वसूल होतो का? हिशोब तिकिटाच्या पलीकडचा आहे

नवी मेट्रो सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो, एवढे हजारो कोटी घातले ते तिकिटातून कधी निघणार? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा निघतच नाहीत, जगातल्या बहुतेक शहरांत हेच आहे. पण म्हणून पैसा वाया गेला असं होत नाही, कारण रेल्वेचा फायदा फक्त तिकीट काढणाऱ्याला मिळत नाही.

लंडनची व्हिक्टोरिया लाईन घ्या. १९६३ साली फॉस्टर आणि बीस्ली या दोन अर्थतज्ज्ञांनी त्या भुयारी रेल्वेमार्गाचा हिशोब मांडला. नुसत्या तिकिटावर लाईन तोट्याची दिसत होती. मग त्यांनी प्रवाशांचा वाचणारा वेळ पैशात धरला, आणि जे त्या गाडीत कधीच बसणार नाहीत पण रस्ता मोकळा झाल्यामुळे ज्यांची बस किंवा कार लवकर पोचेल त्यांचाही वेळ धरला, तेव्हा तीच लाईन फायद्याची निघाली.

आता हेच मुंबईला लावून बघू. समजा एका मेट्रोमुळे रोज ५ लाख लोकांची २०-२० मिनिटं वाचली आणि तासाची किंमत १०० रुपये धरली, तर वर्षाच्या ३०० दिवसांत ५०० कोटी झाले. मोठा आकडा वाटतो ना? पण आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रो ३ चा खर्च सुरुवातीच्या २३,१३६ कोटींवरून ३७ हजार कोटींच्या वर गेलाय, त्यावर नुसतं ४ टक्के व्याज धरलं तरी वर्षाला जवळजवळ १,५०० कोटी होतात. म्हणजे एवढ्या महाग भुयारासाठी ५ लाखांची २० मिनिटं पुरत नाहीत, एकतर प्रवासी खूप जास्त हवेत नाहीतर रस्त्यावरची सुटलेली कोंडी, कमी झालेला धूर आणि लोकलमधली कमी झालेली चेंगराचेंगरी हे सगळं मोजावं लागतं. आणि ते मोजायलाच हवं, मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, कुणी रूळ ओलांडताना तर कुणी दारातून पडून, ही किंमत कुठल्याच तिकिटात दिसत नाही.

मग रस्तेच बांधू म्हणाल तर जागेचं गणित बघा. रस्त्याच्या एका लेनमधून तासाला फार तर २ हजार कार जातात, एकीत दीड माणूस धरला तर ३ हजार माणसं. लोकलच्या एका ट्रॅकवर दर ४ मिनिटांनी गाडी सोडली आणि पीक अवरला प्रत्येकीत ४ हजार माणसं धरली की तासाला ६० हजार होतात, म्हणजे २० लेनचं काम! कोस्टल रोडला साधारण १४ हजार कोटी लागले, तेव्हा टोलमधून किती वसूल होणार असं कुणी विचारलं नाही, टोलच नाही तिथे. मग तोट्याचा प्रश्न फक्त ट्रेनलाच का, हे मला खरंच पटत नाही.

पण प्रत्येक ट्रेन चांगलीच असंही नाही हं. डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लिव्हबियेर यांनी जगभरचे प्रकल्प तपासले तेव्हा रेल्वे प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ४५ टक्के वाढलेला निघाला, आणि प्रवासी मात्र दहापैकी नऊ प्रकल्पांत अंदाजापेक्षा कमी. आपल्याकडे मोनोरेलचं तेच झालं. सुमारे २० किलोमीटरचा मार्ग, पण लोकलच्या स्टेशनांशी धड जोड नाही, गाड्या कमी, गाडी चार डब्यांची, रोजचे प्रवासी २० हजारही होईनात, त्यात गाड्याही वारंवार बंद पडू लागल्या, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणांसाठी सेवा तात्पुरती थांबवावी लागली. खर्च प्रवाशांच्या संख्येने भागायचा असतो आणि तिथे भागायला माणसंच नव्हती.

म्हणून मला वाटतं मुंबईत पहिला रुपया तिथे जावा जिथे माणसं आधीच खच्चून भरलेली आहेत. १२ डब्यांची लोकल १५ डब्यांची केली की त्याच ट्रॅकवर, त्याच मोटरमनसोबत २५ टक्के जास्त माणसं जातात, त्यासाठी प्लॅटफॉर्म लांबवा, सिग्नल सरकवा, यार्डात जागा करा, पण भुयार खणायची गरज नाही. पश्चिम रेल्वेवर अशा गाड्या बऱ्याच धावतात, कल्याण-कर्जत-कसाऱ्याकडच्या लोकांना त्या अजून फारच थोड्या मिळतात.