काळ्या चिखलातला जमाखर्च

ओहोटीच्या वेळी खाजणात उतरलं की पाय घोट्यापर्यंत रुततो. वरचा चिखल तपकिरी असतो. पाय उपसला की खालून काळाकुट्ट चिखल निघतो आणि सडक्या अंड्यांचा भपका येतो. नाक मुरडून आपण ‘घाण’ म्हणतो, पण सांडपाण्याचा थेंबही न येणाऱ्या खाडीत हा वास असतोच. तो कुणाच्या तरी श्वासोच्छ्वासाचा आहे.

आपण अन्नातले इलेक्ट्रॉन काढून शेवटी ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो. चिखलात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. मात्र समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. खालचे जिवाणू इलेक्ट्रॉन त्यालाच देतात. एक सल्फेट आठ इलेक्ट्रॉन घेतं आणि त्याचं हायड्रोजन सल्फाइड होतं. वास या वायूचा. काळा रंग त्याने लोहाशी संयोग होऊन बनलेल्या लोह सल्फाइडचा. पैंजण काळवंडतात तेही चांदीचं असंच सल्फाइड झाल्यामुळे.

धंदा मात्र तोट्यातला वाटावा असा. सल्फेट भलतं सुस्त. ते आधी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून ‘जागं’ करावं लागतं, आणि त्यात दोन एटीपींइतकी ऊर्जा जाते. आता लॅक्टेट (दह्यातल्या लॅक्टिक आम्लाचं रूप) खाणारा डिसल्फोव्हिब्रिओ हा जिवाणू घ्या. दोन लॅक्टेटचं ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) करताना त्याच्या हाती थेट येतात दोन एटीपी, आणि एवढ्यात एकच सल्फेट वापरलं जातं. म्हणजे आले तेवढे गेले! नफा होतो तो पेशीच्या पडद्यावर: इलेक्ट्रॉन पुढे सरकताना प्रोटॉन बाहेर साठतात, ते आत परतताना एटीपी बनतं. मला तरी ही काटकसर थक्क करते.

१८९५मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे मार्टिनस बायेरिंक यांनी हे जिवाणू वेगळे केले. त्यांना वाढवायचं तर माध्यमातून ऑक्सिजन घालवावा लागतो, लॅक्टेट आणि सल्फेट द्यावं लागतं. बहुतेकांना ३० अंशांच्या आसपासची ऊब आणि उदासीन सामू मानवतो. अपवाद आहेतच: आर्किओग्लोबस हा जिवाणूंहून वेगळ्या आर्किया गटातला सूक्ष्मजीव ८३ अंशांना खुशाल वाढतो.

हायड्रोजन आणि ॲसिटेट मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही हवं असतं. पण सल्फेट भरपूर असेल तिथे आपले जिवाणू ते आधी पळवतात. म्हणून गोड्या पाण्याच्या भातखाचरातून मिथेन निघतो, खाऱ्या खाजणातून त्यामानाने कमी.

तोच काळा चिखल मूठभर काठावर पसरून ठेवा. हवा लागली की तो हळूहळू तपकिरी होतो.