पीएचडीची फी कोण भरतं?

'परदेशात पीएचडी म्हणजे घर गहाण टाकणं' हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यापायी हुशार मुलं अर्जच करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. मास्टर्सच्या बाबतीत ही भीती बरीचशी खरी आहे. विज्ञानातल्या पीएचडीचं गणित वेगळं. अमेरिकेत बहुतेक विज्ञान विभाग प्रवेशासोबत फी माफ करतात, शिवाय अध्यापन किंवा संशोधन सहाय्यक म्हणून दरमहा मानधन देतात. जर्मनीत पीएचडीचा विद्यार्थी अनेकदा करारावरचा पगारी कर्मचारीच असतो. ब्रिटनमध्ये यूकेआरआय या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिष्यवृत्त्या २०२१पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत, पण मर्यादित प्रमाणात. अर्जशुल्क, परीक्षा, व्हिसा हा खर्च मात्र होतो. त्यातलं अर्जशुल्क काही विद्यापीठं विनंतीवरून माफ करतात. विचारायला संकोचू नका. आणि प्रवेशपत्रात निधीचा उल्लेख नसेल, तर होकार कळवण्याआधी लेखी उत्तर मागा.