दहावीचं रसायनशास्त्र आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण : पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६०च्या दशकापासून रसायनांचे कारखाने आले. रबाळे, महापे, तुर्भे इथे पाळीवर जाणाऱ्यांची मुलं कळवा, ऐरोली, कोपरखैरण्याच्या शाळांत शिकली. रसायनशास्त्र ज्यांच्या दाराशी होतं, त्यांनाही ते बहुतेक फळ्यावरच भेटलं.

पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सगळ्यांना सक्तीचं असावं, ही शिफारस १९६४-६६च्या शिक्षण आयोगाची. राज्यात दहावीअखेर शालान्त परीक्षा १९७५मध्ये सुरू झाली. विज्ञान सर्वांपर्यंत पोचलं ही मोठीच गोष्ट. पण वर्ग भरले तशा प्रयोगशाळा वाढल्या नाहीत. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत साठ मुलांसाठी एक खोली असेल, तर प्रयोग शिक्षकांच्या टेबलावर होतो आणि मागचा बाक माना उंचावून बघतो.

सध्याचं पुस्तक २०१८चं. भाग १ मधल्या दहा प्रकरणांपैकी आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे ही चार रसायनशास्त्राची. मांडणी चांगली आहे आणि कृतीही भरपूर आहेत. अडचण गुणांच्या वाटणीत आहे.

लेखी ८० गुण, प्रात्यक्षिक २०. लेखी पेपर बाहेर तपासला जातो. प्रात्यक्षिकाचे गुण शाळाच देते. या निर्णयाच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे : मूल वर्षभर कसं काम करतं हे त्याच्या शिक्षकांनाच ठाऊक असतं, बाहेरचा परीक्षक एका दुपारी काय पाहणार? पण निकालाच्या टक्केवारीचा धाक असलेली शाळा हे गुण हातचे राखत नाही. जवळपास सगळ्यांना जवळपास पूर्ण गुण मिळाले, की प्रयोग केलेलं मूल आणि निरीक्षणं उतरवून घेतलेलं मूल यांत कागदावर फरक उरत नाही. मग प्रयोगाला वेळ द्यायचा कशासाठी? मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात लोखंडी खिळा ठेवला, तर त्यावर तांब्याचा थर चढायला आणि निळा रंग फिका व्हायला थांबावं लागतं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साहित्य मांडणं आणि आवरणंही आलंच. समीकरण मात्र अर्ध्या मिनिटात लिहून होतं. प्रयोगशाळा सहायकाचं पद रिकामं असेल तिथे परीक्षानळ्या धुण्यापासून सगळं शिक्षकांवरच येतं. त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. निदान काही शाळांची प्रात्यक्षिकं बाहेरच्या परीक्षकाने अचानक पाहिली पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं.

मराठी शाळेत विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकवण्याचा, म्हणजे सेमी-इंग्रजीचा, वाद वेगळा आणि मोठा आहे. इथे एवढंच, की प्रयोग डोळ्यांनी पाहिला असेल तर मूल त्याचं वर्णन दोन्ही भाषांत करतं.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि प्रयोग मोबाइलच्या पडद्यावर गेले. २०२१ची दहावीची परीक्षाच रद्द झाली. निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. म्हणजे जो भाग आधीच सैल होता, त्याच्यावरच सगळा भार आला. शाळा उघडल्यावर काही शिक्षकांनी थेंबांवरचे प्रयोग सुरू केले : ड्रॉपर, प्लास्टिकची खळग्यांची पट्टी, प्रत्येक जोडीला चार थेंब आम्ल. रसायन कमी लागतं, धोका कमी होतो आणि प्रत्येक मुलाचा हात लागतो. वेळापत्रकात मात्र या कामासाठी वेगळी तासिका सगळीकडे मिळते असं नाही.