‘बोका कुंथतोय’: प्राण्यांच्या दवाखान्यातला पहिला फोन

प्राण्यांच्या दवाखान्यातला दिवसाचा पहिला निर्णय बहुतेक वेळा फोन उचलणारी व्यक्ती घेते. आत्ताच या, चार वाजता या, की उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या, हे रिसेप्शनच्या टेबलावर ठरतं. प्राणी समोर नसतो. तपासायचे असतात ते मालकाचे शब्द. म्हणून या कामाला मी अर्धी डॉक्टरकी मानतो, आणि ते शिकवताना रोगांच्या नावांआधी एक सवय लावायला हवी असं माझं ठाम मत आहे: मालकाने काय पाहिलं आणि त्यावरून त्याने काय ठरवलं, हे दोन्ही वेगवेगळं टिपायचं.

‘बोक्याला बद्धकोष्ठ झालंय, सकाळपासून सारखा वाळूत जाऊन कुंथतोय.’ यातलं कुंथणं मालकाने डोळ्यांनी पाहिलं. बद्धकोष्ठ हा त्याचा अंदाज. मांजर शी करताना आणि शू करताना जवळजवळ सारखंच बसतं, त्यामुळे चूक कुणाचीही होईल. पण नोंदवहीत ‘बद्धकोष्ठ, संध्याकाळी ६’ असं लिहिलं गेलं, तर तो बोका संध्याकाळपर्यंत तग धरेलच असं नाही.

बोक्याची मूत्रनलिका लांब असते आणि टोकाकडे फार अरुंद होत जाते. मूत्राशयाला सूज आली की चिकट स्राव आणि खनिजांचे बारीक कण मिळून तिथे बूच बसतं. मूत्राशय दगडासारखं टणक होतं, दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचतो आणि रक्त गाळण्याचं काम मंदावत बंद पडतं. एरवी लघवीवाटे बाहेर जाणारं पोटॅशियम मग रक्तात साठू लागतं. हृदयाचा प्रत्येक ठोका पोटॅशियम, सोडियम आणि कॅल्शियमच्या तोलावर चालतो. तो तोल गेला की ठोके मंदावतात, अनियमित होतात आणि शेवटी थांबतात. पूर्ण अडलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो, काही त्याआधीच. मादीची नलिका आखूड आणि रुंद असल्याने तिच्यात हे क्वचित होतं.

त्यामुळे फोनवर विचारायचं ते इतकंच: नर की मादी? वाळूत ओला गोळा शेवटचा कधी दिसला? मागची जागा सारखी चाटतोय का? उलटी झाली का? नर आहे आणि रात्रीपासून ओला गोळा नाही, एवढं कळलं की पुढचं बोलणं दवाखान्यात. ‘लगेच निघा’ म्हणायचं आणि डॉक्टरांना तेव्हाच सांगायचं.

आत काय होतं हे माहीत असेल तर मालकाशी बोलणंही सोपं जातं. ‘नळीच घालायची ना, मग तीन दिवस ॲडमिट कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. आधी शिरेत सुई लावून सलाईन सुरू होतं, रक्तातलं पोटॅशियम मोजतात, ईसीजी पाहतात. ते फार वाढलेलं असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू देतात. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयाला थोडा वेळ संरक्षण मिळतं. त्यानंतर गुंगी देऊन बारीक नळी सरकवतात आणि सलाईनच्या दाबाने बूच मागे ढकलतात. अडथळा निघाल्यावर मूत्रपिंडं साठलेलं सगळं बाहेर टाकायला लागतात आणि इतकी लघवी होते की सलाईन त्या हिशोबाने वाढवावं लागतं. शिवाय पहिल्या काही दिवसांत पुन्हा बूच बसण्याचा धोका असतोच. तीन दिवस लागतात ते या सगळ्यासाठी.

दुसरं वाक्य आपल्या देशात तरी कुणी हलक्यात घेऊ नये: ‘कुत्र्याच्या घशात हाड अडकलंय, तोंड उघडंच ठेवतोय, लाळ गळतेय.’ हाड खरंच अडकलेलं असू शकतं. पण रेबीजच्या लकव्याच्या प्रकारात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, तेव्हा कुत्रा अगदी असाच दिसतो. तो चावायला धावत नाही, गप्प बसतो, म्हणून घरचे बिनधास्त तोंडात हात घालून हाड शोधतात. इथे पहिलं वाक्य एकच: ‘तोंडात हात घालू नका.’ मग विचारायचं, रेबीजची लस कधी दिली, गेल्या काही महिन्यांत कुणी चावलं होतं का, आवाज बदललाय का, घरात कुणाला लाळ लागली का. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि माणसाने त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जायचं. दवाखान्यातल्या प्रत्येकाने, रिसेप्शनवर बसणाऱ्यानेही, रेबीजची लस आधीच घेतलेली असावी. याबाबतीत चालढकल मला अजिबात पटत नाही.

‘उलटी’ हा शब्द असाच उलगडून घ्यावा लागतो. पोट आत-बाहेर करून, उबळ येऊन बाहेर पडते ती उलटी. मान खाली घातली आणि न पचलेलं अन्न सहज बाहेर घरंगळलं, तर बिघाड अन्ननलिकेत असण्याची शक्यता जास्त. आणि ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डसारखा खोल छातीचा मोठा कुत्रा उबळा काढतोय, बाहेर फेसाशिवाय काही येत नाही, पोट तट्ट फुगलंय, तर जठराला पीळ बसलेला असू शकतो. पिळामुळे जठराचा रक्तपुरवठा तुटतो आणि मोठ्या शिरा दाबल्या गेल्याने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. इथे हिशोब तासांचा असतो, अपॉइंटमेंट बघत बसायचं नाही.

‘पाणी फार पितेय, जेवत नाही’ असं नसबंदी न झालेल्या कुत्रीबद्दल कुणी म्हणालं, तर शेवटची हीट, म्हणजे ती माजावर, कधी आली होती ते विचारावं. चार ते आठ आठवड्यांपूर्वी, असं उत्तर आलं तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. पायोमेट्रा म्हणतात तो हाच. मागून स्राव येत असेल तर निदान लक्षात तरी येतं. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू आतच साठतो, आणि ते जास्त घातक.

फाईलवर येणाऱ्या शब्दांची शेपटं एकदा डोक्यात बसवून घ्यावीत. सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाचा दाह, सिस्टोटॉमी म्हणजे खडा काढायला ते उघडणं, सिस्टेक्टमी म्हणजे मूत्राशयाचा भाग किंवा सगळंच कापून काढणं, आणि सिस्टोसेंटेसिस म्हणजे नुसती सुई घालून लघवीचा नमुना घेणं. खर्चाच्या अंदाजपत्रकावर एक अक्षर बदललं की मालकाच्या पोटात गोळा येतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची सूचना कारणासकट द्यावी, मग ती पाळली जाते. मोठ्या कुत्र्या-मांजराला रात्री हलकं जेवण, त्यानंतर काही नाही, पाणी सकाळपर्यंत चालतं. भुलेत घशाचा बचाव सैल पडतो, पोटातलं अन्न वर आलं तर फुफ्फुसात जातं. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर घसरते, म्हणून त्यांची वेळ डॉक्टरांनाच विचारावी. ससा उलटी करूच शकत नाही आणि त्याचं आतडं थांबलं तर जिवावर बेततं, त्यामुळे सशाला उपाशी ठेवायला सांगू नये.

‘ताप आहे, १०२!’ असा घाबरलेला फोनही येतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते सांगून धीर द्यावा, आणि लगेच विचारावं, काही गोळी दिली का? मांजराला अर्धी पॅरासिटामॉल दिली असेल तर तो तातडीचा फोन झाला. हे औषध निष्प्रभ करणारी यकृतातली एक वाट मांजरात फार दुबळी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. गोळीची ताकद आणि दिल्याची वेळ लिहून घ्यावी. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला तर कधीच सांगू नये.

लस न झालेल्या पिल्लाला रक्ताचे, घाण वासाचे जुलाब असतील तर त्याला वेटिंगमध्ये बसवायचं नाही, गाडीतच थांबवायचं. असे जुलाब पार्व्हो या संसर्गजन्य रोगाचे असू शकतात, आणि त्याचा विषाणू फरशीवर महिनोन् महिने टिकतो. साध्या फिनाइलचा त्यावर भरवसा नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं.

तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात फोनची भाषाच वेगळी, आणि शहरी मालकांपेक्षा ती कितीतरी नेमकी असते. ‘गाय अडली’ म्हणजे वासरू बाहेर येत नाही. ‘वार (गर्भाची नाळ-वेष्टणं) पडली नाही’ म्हटलं की व्यायल्याला किती तास झाले ते विचारायचं, आणि वार ओढू नका, तिला दगड बांधू नका हे निक्षून सांगायचं. ‘काल व्याली, आज बसलीय, मान पोटाकडे वळवलीय, कान गार पडलेत’ हे वर्णन दुधाच्या तापाचं आहे. नाव ताप असलं तरी अंग गारच लागतं. चीक आणि दूध तयार करण्यात रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने खर्च होतं आणि स्नायूंची ताकद जाते. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईत हे जास्त दिसतं, म्हणून वेत कितवं तेही लिहून घ्यायचं. डॉक्टर बाहेरगावी असतील तर १९६२ हा पशुसेवेचा टोल फ्री क्रमांक द्यायचा. आणि डॉक्टर निघणार असतील तर चिठ्ठीवर ‘गाय आजारी’ न लिहिता शेतकऱ्याचेच शब्द लिहायचे. अडलेल्या गाईसाठी दोर आणि मदतीला दोन माणसं लागतात, बसलेल्या गाईसाठी कॅल्शियमच्या बाटल्या, आणि वीस किलोमीटर गेल्यावर बॅगेत नसलेली बाटली आणायला परत फिरण्याइतका वेळ त्या गाईकडे नसतो.