देखभालगृहातील आग आणि रहिवाशांची सुटका

वृद्ध, अंथरुणाला खिळलेले किंवा स्मृतिभ्रंश झालेले लोक जिथे कायम राहतात, अशा संस्थेत आग लागल्यावर कर्मचाऱ्यांनी करायची कृती. शाळा-कार्यालयांत घंटा वाजली की माणसे आपल्या पायांनी बाहेर पडतात. इथे अनेकांना उचलून न्यावे लागते आणि रात्री कर्मचारी मोजकेच असतात. त्यामुळे अख्खी इमारत एकदम रिकामी न करता टप्प्याटप्प्याने ‘आडवे स्थलांतर’ करतात : आगीच्या भागातील रहिवाशांना अग्निरोधक दारापलीकडे, त्याच मजल्यावरच्या सुरक्षित भागात हलवले जाते. जिना उतरण्याची वेळ त्यानंतर, तीही गरज पडली तरच.

ज्या खोलीत आग आहे तिथल्या माणसाला बाहेर काढून दार लावणे, गजर करणे आणि अग्निशमन दलाला कळवणे ही कामे जवळजवळ एकाच वेळी व्हावी लागतात. यांपैकी दार लावण्याचे महत्त्व सर्वांत कमी ओळखले जाते. ज्वाला पोचण्याआधी धूर आणि कार्बन मोनॉक्साइड जीव घेतात. बंद दार त्यांना अडवून धरते. स्कॉटलंडमधील रोझपार्क देखभालगृहात ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे एका कपाटात लागलेल्या आगीत १४ रहिवासी दगावले. गजर झाल्यावर कर्मचारी आधी आगीची जागा शोधत राहिले, दलाला फोन सुमारे ९ मिनिटांनी गेला आणि उघड्या दारांतून धूर खोल्यांत शिरला. कॅनडातील लिल-व्हेर्त येथे जानेवारी २०१४ मध्ये वृद्धनिवासाला लागलेल्या आगीत ३२ जणांचा मृत्यू झाला. तिथे इमारतीचा स्वयंचलित पाणफवारे नसलेला जुना भाग जळून गेला, फवारे असलेला नवा भाग उभा राहिला.

चालता न येणाऱ्यांना गादीखाली आधीच अंथरलेल्या पट्ट्यांच्या चादरीने गादीसकट ओढत नेता येते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती गजराने बिथरते, कधी आपल्याच खोलीकडे परत फिरते. तिच्याशी ओळखीच्या कर्मचाऱ्याने थोडक्या शब्दांत बोलावे आणि तिला एकटे सोडू नये. ऑक्सिजनचा पुरवठा शक्य तितक्या लवकर बंद करावा. पॅराफिनयुक्त मलम मुरलेले कपडे झपाट्याने पेटतात, हेही लक्षात ठेवावे लागते.

सराव रात्रीच्या मनुष्यबळावरच घ्यायला हवा; दिवसाच्या भरपूर हातांनी केलेल्या तालमीतून खरी उणीव दिसत नाही. दल पोचताच कोण कोणत्या खोलीत आहे आणि कोणाला हलता येत नाही, याची त्या रात्रीची यादी दारातच त्यांच्या हाती द्यावी.